वाचकांचे प्रश्न : शाळा जे शिकवत नाही, पण तपासते

या खेपेच्या टपालातील बरीचशी पत्रे एकाच विषयावरची निघाली : शिक्षणाने विषमता कमी होते, की असलेली विषमताच गुणपत्रिकेच्या रूपाने पुढच्या पिढीच्या हाती पडते? म्हणून हा संपूर्ण स्तंभ त्याच पत्रांसाठी ठेवला आहे. जागेअभावी पत्रे थोडक्यात दिली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी अनेक वर्षे मुख्याध्यापक होतो. पुस्तक सर्वांना एकच, प्रश्नपत्रिका एकच, वेळ सारखाच आणि उत्तरपत्रिकेवर नाव नाही, केवळ क्रमांक. याहून समान वागणूक कोणती असू शकते? तरीही समाजशास्त्रज्ञ बोट दाखवतात ते शाळेकडेच. हा अन्याय नाही का?

उत्तर : आपली बाजू समाजशास्त्राने ऐकलीच नाही असे नाही, उलट विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या शाखेत तीच बाजू जोरात होती. एमिल दरखाईम यांनी शिक्षणाकडे नव्या पिढीला समाजात रुजवण्याची पद्धतशीर प्रक्रिया म्हणून पाहिले. टॅलकॉट पार्सन्स यांनी १९५९ मध्ये शाळेच्या वर्गावर लिहिलेल्या निबंधात असे मांडले की, घरात मूल 'आपले' म्हणून वागवले जाते, वर्गात मात्र ते कोणाचे आहे हे बाजूला ठेवून इतरांबरोबर एकाच मापाने मोजले जाते, आणि कुटुंबातून व्यापक समाजाकडे जाण्याचा पूल तो हाच. त्याआधी १९४५ मध्ये किंग्जली डेव्हिस आणि विल्बर्ट मूर यांनी तर विषमतेचेच समर्थन केले होते : महत्त्वाच्या कामांना दुर्मीळ गुण आणि दीर्घ प्रशिक्षण लागते, त्यासाठी माणसे पुढे यावीत म्हणून अधिक मोबदला द्यावा लागतो, आणि निवडीची ही चाळणी बऱ्याच अंशी प्रशिक्षणातूनच चालते. मेल्विन ट्यूमिन यांनी १९५३ मध्ये याला दिलेले उत्तर आजही मला बिनतोड वाटते. जिथे प्रशिक्षणापर्यंत पोचण्याची संधीच समान नाही, तिथे समाजात गुण किती आणि कोणाकडे आहेत हे कळणार तरी कसे? चाळणीत जे पडलेच नाही, ते वर राहिले की खाली गेले, हा प्रश्नच उद्भवत नाही.

आपल्या आक्षेपाला नेमके उत्तर दिले ते पिएर बुर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने. १९६६ च्या एका निबंधात त्याने म्हटले की, जी मुले मुळात असमान आहेत, त्यांना हक्क आणि कर्तव्ये यांबाबत समान मानून वागवले, तर शाळा सुरुवातीच्या असमानतेवर केवळ शिक्कामोर्तब करते. त्याचा 'सांस्कृतिक भांडवल' हा शब्द आता इतका वापरून गुळगुळीत झाला आहे की, घरात पुस्तके असणे एवढाच त्याचा अर्थ बहुतेक जण घेतात. त्यातला खरा मुद्दा वेगळा आहे. शाळा ज्या गोष्टी तपासते त्यांतील काही ती कधी शिकवतच नाही; त्या मुलाने घरून आणल्या आहेत असे ती न बोलता गृहीत धरते.

हे जवळून पाहायचे असेल, तर जॅनेट हॉलंड यांचा इंग्लंडमधील एक साधा प्रयोग पाहावा. त्यांनी सात वर्षांच्या आसपासच्या मुलांपुढे खाद्यपदार्थांची चित्रे असलेली कार्डे ठेवली आणि 'जी एकत्र ठेवावीशी वाटतात ती एकत्र ठेव' एवढेच सांगितले. मध्यमवर्गीय मुलांपैकी बऱ्याच जणांनी 'हे समुद्रातून मिळते', 'या भाज्या आहेत' अशा सर्वसाधारण तत्त्वावर गट पाडले. कामगार कुटुंबांतील मुलांनी मुख्यतः 'हे आम्ही सकाळी खातो', 'हे आई करते' अशा रोजच्या अनुभवावर. इथवर ऐकून कोणीही म्हणेल की, पहिल्या मुलांची अमूर्त विचाराची क्षमता अधिक होती. परंतु नंतर त्यांना तीच कार्डे वेगळ्या पद्धतीने लावायला सांगितली, तेव्हा मध्यमवर्गीय मुलांपैकी अनेक जण सहजपणे घरगुती अनुभवाच्या गटांकडे वळले, आणि कामगारांची मुले बहुतांशी पहिल्याच पद्धतीवर राहिली. म्हणजे पहिल्या मुलांना दोन्ही पद्धती येत होत्या. शिवाय एखादे अनोळखी मोठे माणूस पुढ्यात कार्डे ठेवून बसते, तेव्हा त्याला आधी कोणती पद्धत ऐकायची असते, हेही त्यांनी ओळखले होते. प्रश्न सर्वांना एकच होता. कोणते उत्तर 'उत्तर' ठरते, हे मात्र प्रश्नात लिहिलेले नव्हते. उत्तरपत्रिकेवरील नाव झाकल्याने ही गोष्ट झाकली जात नाही.

आणि जिथे नाव झाकलेले नसते, तिथे काय होते? बुर्द्यू आणि मोनिक द सँ-मार्तँ यांनी १९७५ मध्ये पॅरिसमधील तत्त्वज्ञानाच्या एका शिक्षकाच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या नोंदींत विद्यार्थिनींच्या गुणांबरोबर शिक्षकाचे शेरे होते. गुण सारखे असतानाही साध्या घरातून आलेल्या मुलींच्या वाट्याला अधिक कठोर विशेषणे आलेली दिसली. आपल्याकडच्या शेऱ्यांची भाषा आठवली, तर याचे आश्चर्य वाटू नये. 'हुशार आहे, पण अभ्यास करत नाही' आणि 'कष्टाळू आहे, पाठांतर चांगले आहे' या दोन वाक्यांतील कोणते वाक्य खरी स्तुती आहे, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते. मी स्वतः उत्तरपत्रिका तपासत असे, तेव्हा उत्तराच्या आरंभी एखादे समर्पक अवतरण दिसले की माझा हात सैल होई. ते अवतरण मी वर्गात शिकवलेले नव्हते, हे लक्षात यायला मला बरीच वर्षे लागली. आपल्यावर किंवा आपल्या शाळेवर हा ठपका नाही. दुजाभाव करणारा कोणीही नसताना दुजाभाव कसा घडतो, एवढेच ही मंडळी सांगत आहेत.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवते. 'काही मुलांच्या घरी भाषाच नसते, आपण काय करणार?' हे वाक्य आमच्या शिक्षककक्षात वारंवार ऐकू येते, आणि आधाराला बर्नस्टीन यांचे नाव घेतले जाते. ते खरोखर असे म्हणाले होते का?

उत्तर : नाही, आणि स्वतःच्या मांडणीवर हा अर्थ लादला गेल्याची खंत ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बॅझिल बर्नस्टीन यांना अखेरपर्यंत होती. 'मर्यादित' आणि 'विस्तृत' असे भाषेच्या वापराचे दोन संकेत त्यांनी सांगितले, हे खरे. त्यांनी दिलेले उदाहरण असे : मुलांना चित्रमालिका दाखवून गोष्ट सांगायला लावली. एक गोष्ट, विस्तृत संकेतातली, साधारण अशी होती की, तीन मुले फुटबॉल खेळत आहेत, एक मुलगा चेंडूला लाथ मारतो आणि चेंडू खिडकीवर जाऊन काच फुटते. दुसरी, मर्यादित संकेतातली, अशी की, ते खेळतायत, हा मारतो, तो तिकडे जातो, ते फुटतं. दुसऱ्या गोष्टीत काहीही चुकलेले नाही; ऐकणाऱ्यासमोर चित्रे आहेत, मग 'खिडकी' कशाला म्हणायचे, असा त्यातील रास्त हिशेब आहे. आपापसात बोलताना आपण सारेच असे बोलतो. फरक एवढाच की, शाळा ज्याला चित्र दिसत नाही अशा परक्या श्रोत्यासाठी बोलण्याची अपेक्षा करते, आणि ती अपेक्षा काही घरांच्या सवयीशी जुळते, काहींच्या जुळत नाही. १९७० मध्ये बर्नस्टीन यांनी 'भरपाईचे शिक्षण' या कल्पनेवरच टीका केली, कारण मुलात आणि त्याच्या घरात काहीतरी उणे आहे असे त्या शब्दातच गृहीत धरलेले आहे. शिक्षकाची संस्कृती मुलाच्या मनात उतरावी असे वाटत असेल, तर मुलाची संस्कृती आधी शिक्षकाच्या मनात असली पाहिजे, असे त्यांनी तेव्हाच लिहिले होते.

आपल्या सहकाऱ्यांना सांगण्यासारखी आणखी एक हकीकत आहे. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव यांनी १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील आठ वर्षांच्या एका मुलाच्या मुलाखतींविषयी लिहिले. मुलाखत घेणारा माणूस त्याच वस्तीतला, कृष्णवर्णीय आणि अनुभवी होता. तरीही मुलगा एका शब्दात उत्तरे देई किंवा मान हलवून गप्प बसे. चाचणी घेणाऱ्याने त्याच्या नावापुढे 'भाषाविकास अपुरा' असे लिहिले असते आणि कोणाला शंकाही आली नसती. पुढच्या खेपेला त्याच माणसाने बटाट्याच्या चिप्सची पिशवी आणली, मुलाच्या जिवलग मित्राला बरोबर घेतले, स्वतः जमिनीवर बसला आणि मुले एकमेकांत बोलतात ते वर्ज्य शब्दही बोलण्यात येऊ दिले. दोन्ही मुले मग एकमेकांचे बोलणे तोडून बोलू लागली. मुलगा तोच होता. बदलली होती ती बसण्याची पातळी आणि बोलण्यातला धोका.

मात्र एक सावधगिरीही हवी. घरच्या बोलीचा आदर करायचा म्हणजे प्रमाणभाषा शिकवायची नाही, असा निष्कर्ष काही उत्साही मंडळी काढतात. ज्या भाषेत पुढे परीक्षा होणार आहे आणि अर्ज लिहायचे आहेत, ती भाषा ज्यांच्या घरी नाही, त्यांना तर ती शाळेतच आणि अगदी उघडपणे, नियम सांगून शिकवली गेली पाहिजे. ती त्यांना आपोआप येईल असे मानणे, हाच बुर्द्यूने दाखवलेला दोष आहे.

प्रश्न : समाजशास्त्राचा विद्यार्थी आहे. बोल्स-गिंटिस यांचे अनुरूपतेचे तत्त्व आणि पॉल विलिस यांचा अभ्यास यांपैकी कोण बरोबर?

उत्तर : परीक्षेसाठी दोघेही लिहा, समजून घेण्यासाठी आधी विलिस वाचा. सॅम्युअल बोल्स आणि हर्बर्ट गिंटिस यांनी १९७६ मध्ये असा सिद्धान्त मांडला की, शाळेतील संबंध कारखान्यातील संबंधांचीच नक्कल असतात : घंटा, हजेरी, वरून येणाऱ्या आज्ञा, आणि कामात गोडी नसली तरी वेतनासाठी काम करावे तसा गुणांसाठी अभ्यास. ज्यांना पुढे आज्ञा पाळायच्या आहेत त्यांना नियम पाळायला शिकवले जाते, आणि ज्यांना आज्ञा द्यायच्या आहेत त्यांना स्वतःहून निर्णय घेण्याची मोकळीक मिळते. फिलिप जॅक्सन यांनी १९६८ मध्ये वापरलेल्या 'छुपा अभ्यासक्रम' (पुस्तकात नसलेले, पण शाळेच्या रोजच्या शिस्तीतून नकळत शिकवले जाणारे) या शब्दाला या मांडणीने वर्गीय धार दिली. पण त्यात मुले जणू ओल्या मातीची आहेत. साचा दाबला की आकार तयार.

विलिस यांनी १९७७ मध्ये इंग्लंडच्या मध्य भागातील एका औद्योगिक गावातल्या कामगारवर्गीय बारा मुलांविषयी लिहिले, तेव्हा ही माती मुळीच ओली नसल्याचे दिसले. ही मुले शिक्षकांची टिंगल करत, वर्ग चुकवत, आणि निमूटपणे ऐकणाऱ्या वर्गमित्रांना 'कान' म्हणून हिणवत, कारण कान नुसता ऐकतो, करत काहीच नाही. प्रमाणपत्रे एखाद-दुसऱ्याला वर नेतील, साऱ्या वर्गाला नेणार नाहीत, हे त्यांनी आपल्या परीने बरोबर हेरले होते. गंमत, खरे तर शोकांतिका, अशी की, शाळेवर मिळवलेल्या या विजयानेच त्यांना सोळाव्या वर्षी आपल्या बापांच्याच कामावर, तेही राजीखुशीने, नेऊन उभे केले. बौद्धिक काम म्हणजे बायकी काम, हा त्यांचा समज आणि स्त्रिया व स्थलांतरित यांच्याविषयीचा तुच्छभाव विलिस लपवत नाहीत. उणिवाही आहेत : मुली जवळजवळ नाहीतच, आणि ज्यांना 'कान' म्हटले त्यांची बाजूही पुरेशी ऐकू येत नाही.

प्रश्न : पालकसभेत वर्गशिक्षिका म्हणाल्या, 'तुमचा मुलगा साधारण आहे, फार अपेक्षा ठेवू नका.' तो पहिलीत आहे. शिक्षकांच्या मतामुळे मूल खरोखर तसेच घडते का?

उत्तर : याबाबत सर्वाधिक सांगितला जाणारा प्रयोग रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांचा, १९६८ चा. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिकपणे काही मुले निवडून 'ही यंदा झपाट्याने पुढे जातील' असे शिक्षकांना सांगण्यात आले, आणि वर्षाअखेर त्यांच्यातील काही खरोखर पुढे गेलेली आढळली. हा परिणाम मुख्यतः पहिली-दुसरीच्या मुलांतच दिसला होता आणि त्याच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली, हे सांगणारे मात्र कमी भेटतात. एका वाक्याने मूल घडत-बिघडत नाही, एवढा दिलासा त्यातून आपण घ्यावा.

मला अधिक चिंता वाटते ती बसण्याच्या जागेची. रे रिस्ट यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालवर्गातील शिक्षिकेने आठव्या दिवशी मुलांना तीन टेबलांवर कायमचे बसवले. तोवर एकही चाचणी झालेली नव्हती. तिच्याजवळ होते ते प्रवेशाचे अर्ज, कोणाचे कुटुंब सरकारी मदतीवर आहे याची यादी, भावंडांविषयीची ऐकीव माहिती आणि कपड्यांचा व बोलण्याचा नीटनेटकेपणा. पहिल्या टेबलाला तिचा बराचसा वेळ मिळाला. मागची टेबले फळ्यापासूनही दूर होती. दुसऱ्या इयत्तेपर्यंत ही वाटणी मोठ्या प्रमाणात टिकली, कारण आता पुढच्या शिक्षकांपाशी दाखवायला गुणही होते. तेव्हा शिक्षिकेशी वाद न घालता आपण एवढेच विचारावे की, 'साधारण' हे मत कशावरून झाले, आणि मुलगा वर्गात कुठे व कोणाबरोबर बसतो.

प्रश्न : शाळा-महाविद्यालये कितीतरी पटींनी वाढली. मग विषमता त्या प्रमाणात घटायला हवी होती. तसे का होत नाही?

उत्तर : योसी शाविट आणि हान्स-पेटर ब्लॉसफेल्ड यांनी १९९३ मध्ये तेरा देशांची तुलना संपादित केली. शिक्षणाचा विस्तार सर्वत्र झाला होता, पण घरची परिस्थिती आणि मुलाचे शिक्षण यांचे नाते स्पष्टपणे सैल झालेले आढळले ते स्वीडन आणि नेदरलँड्स या दोनच देशांत. नंतरच्या अभ्यासकांनी अधिक मोठ्या आकडेवारीवर हे चित्र इतके काळे नसल्याचे दाखवले. तरीही विस्तार म्हणजे समता नव्हे, हे कायम राहिले.

कारणे तीन दिसतात. एड्रियन राफ्टरी आणि मायकेल हाउट यांनी आयर्लंडच्या अभ्यासातून, तेही १९९३ मध्येच, असे मांडले की, एखाद्या पायरीवर वरच्या थरातील जवळजवळ सर्व मुले पोचेपर्यंत नव्या जागांचा लाभ त्यांनाच प्रामुख्याने मिळत राहतो. खालच्यांची पाळी त्यानंतर येते. सॅम्युअल ल्यूकस यांनी २००१ मध्ये पुढची कडी जोडली : सर्वांना पदवी मिळू लागली की, पदवी कोणत्या संस्थेची आणि कोणत्या शाखेची, यावर शर्यत सरकते. तिसरे कारण रेमाँ बूदाँ यांनी १९७० च्या दशकात सांगितले, आणि मला ते सर्वांत दुर्लक्षित वाटते. दोन मुलांचे गुण अगदी सारखे असले, तरी पुढे शिकायचे की नाही याचा त्यांचा हिशेब सारखा नसतो. एकाच्या घरी अपयश म्हणजे एक वाया गेलेले वर्ष. दुसऱ्याच्या घरी ते कर्ज आणि बुडालेली कमाई. पहिल्याला नुसते जागच्या जागी राहण्यासाठीही पदवी लागते, तर दुसरा लहानसा अभ्यासक्रम करूनही घरातल्यांच्या पुढे गेलेला असतो. त्यामुळे 'त्यांना महत्त्वाकांक्षाच नसते' हे वाक्य मी निष्काळजीपणाचे मानतो. धोरणाच्या बाजूने पाहता, मुलांची वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागणी किती लवकर होते याला मोठे महत्त्व आहे. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत ती दहाव्या वर्षाच्या सुमारास होते. फिनलंडने १९७० च्या दशकात ती सोळाव्या वर्षापर्यंत लांबवली, आणि तिथे पुढे बापाच्या व मुलाच्या उत्पन्नातील नाते सैल झाल्याचे आढळले.

प्रश्न : 'गुणवत्ताशाही', म्हणजे जन्मावरून नव्हे तर लायकीवरून स्थान मिळणे, हा तर आदर्श आहे, त्याला नावे का ठेवता?

उत्तर : कारण हा शब्द रूढ झाला तोच मुळी विडंबनातून. मायकेल यंग यांनी १९५८ च्या आपल्या पुस्तकात असा समाज रंगवला, जिथे वरचे लोक आपले यश सर्वस्वी स्वतःच्या लायकीचे मानतात आणि खालच्यांना अपयशासाठी दोष द्यायला दुसरे कोणी उरत नाही. पुढे राजकारण्यांनी तो शब्द गौरवाने वापरलेला पाहून यंग यांनी २००१ मध्ये जाहीर नाराजी व्यक्त केली.

प्रश्न : सारे काही घरातच ठरत असेल, तर शाळांवर खर्च करण्यात अर्थ काय?

उत्तर : हा प्रश्न अमेरिकेत १९६६ मध्येच गाजला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली. शाळेच्या इमारती, ग्रंथालये आणि प्रयोगशाळा यांतील फरकांपेक्षा घरच्या परिस्थितीचा निकालाशी कितीतरी अधिक संबंध आहे, असे तिच्यातून निघाले, आणि 'शाळेने काही फरक पडत नाही' अशी तिची एका ओळीची आवृत्ती सर्वत्र पसरली. प्रत्यक्ष अहवालात याहून बरेच काही होते. वर्गमित्र कोणत्या घरांतून आलेले आहेत याचा प्रभाव शाळेच्या साधनांहून अधिक आढळला होता. शिक्षकांच्या गुणवत्तेचा परिणाम अल्पसंख्याक समाजांतील मुलांवर अधिक दिसला होता. शिवाय कोलमन यांनी तुलना केली ती एका शाळेची दुसऱ्या शाळेशी. शाळाच नसती तर या मुलांचे काय झाले असते, हे त्या पाहणीत मोजलेलेच नव्हते.